एकोणचाळीस नंबरचा अर्ज आणि वितळलेलं आइस्क्रीम

एक

सोमवारी सकाळी साडेनऊला मी ऑफिसचं दार उघडलं आणि आधी दिसल्या त्या मुंग्या. माझ्या टेबलावर आइस्क्रीमचा मोठा डबा, आत सगळं गुलाबी पाणी, आणि मुंग्यांची रांग थेट खिडकीपर्यंत.

डोकंच फिरलं माझं. हा डबा मी शुक्रवारी पानघरवाल्या काकांच्या हातापाया पडून त्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवला होता. आमचा विभाग वनस्पतिशास्त्राचा, मी तिथली कारकून. तळमजल्यावर एक लांबलचक खोली आहे, तिथे वाळवून कागदावर चिकटवलेल्या एकतीस हजार वनस्पती कपाटांत रचून ठेवल्यात. त्या खोलीला सगळे पानघर म्हणतात आणि ती सांभाळतात ते पानघरवाले काका. दरवर्षी एम.एस्सी.च्या प्रवेशाची निवड समिती आटोपली की मी विभागाला आइस्क्रीम देते. यंदा आधीच आणून ठेवलं तर काकांनी केवढे आढेवेढे घेतले! फ्रीझर रिकामा होता, नुकता पुसलेला होता, तरी म्हणाले, "बाई, हे खाण्याचं कपाट नाही." शेवटी ठेवलं एकदाचं. आणि आता मला न सांगता बाहेर आणून टाकलं? शनिवारी मला सुट्टी असते हे त्यांना ठाऊक नाही का?

त्यांना चांगलं सुनवायला निघालेच होते, पण म्हटलं आधी अर्ज मोजू. चार वाजता समिती बसायची होती. कपाट उघडलं. चौसष्ट अर्ज असायला हवे होते. मोजले तर त्रेसष्ट. पुन्हा मोजले. पुन्हा त्रेसष्ट.

एकोणचाळीस नंबर गायब होता.

दुसरा कुठलाही नंबर चालला असता हो! एकोणचाळीस नंबर रोपवाल्या ताईंचा.

दोन

या ताई एका रोपवाटिकेत काम करतात. वीस वर्षं मातीत हात, नखांच्या कडा कायमच्या काळ्या. बाहेरून परीक्षा देत देत बी.एस्सी. झाल्या. आमच्याकडे नोकरी करणाऱ्यांसाठी एकच जागा राखलेली असते आणि तिला वयाची अट आहे. ताई यंदा त्या अटीत जेमतेम बसत होत्या. पुढच्या वर्षी त्यांचा अर्ज मलाच परत करावा लागला असता.

शुक्रवारी त्या अर्ज घेऊन आल्या तेव्हाच मी म्हटलं होतं, "ताई, सगळ्यांसारखी निळी फाइल घ्या ना." कारण त्यांनी अर्ज दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून सुतळीनं बांधून आणला होता. म्हणाल्या, "फाइलमध्ये फांदी दुमडेल." फॉर्मात एक रकाना आहे, केलेल्या संशोधनाचा पुरावा जोडावा असा. लोक तिथे प्रमाणपत्रं लावतात. ताईंनी फुलासकट वाळवलेली फांदी कागदावर शिवून अगदी वर ठेवली होती, तिच्याखाली बारीक अक्षरात माहिती, आणि त्याखाली अर्ज. मी पावती दिली, सही केली, गठ्ठा कपाटात ठेवला. आणि समितीचा नियम असा की अर्ज समोर नाही तर नाव नाही. मग कुणी कितीही गळा काढो.

दुपारी एकपर्यंत मी अख्खं ऑफिस उपसलं, मग सासूबाईंना फोन लावला आणि चक्क रडले.

आता तुम्ही म्हणाल, अशा वेळी कुणी सासूला फोन करतं का? माझ्या सासूबाई टपाल खात्यात होत्या, पत्ता न लागणाऱ्या पत्रांच्या विभागात. अर्धा पत्ता, पुसलेलं नाव, भिजलेलं पाकीट, असल्या पत्रांना घर शोधून देण्यात त्यांची तीस वर्षं गेली. आमच्या घरात काही हरवलं की आम्ही शोधतच नाही, त्यांना सांगतो.

अर्ध्या तासात त्या हजर. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात आइस्क्रीमचा नवा डबा.

"आई, अहो, इथे माझी नोकरी जायची वेळ आलीय आणि तुम्ही आइस्क्रीम आणलंत?"

"फोनवर तू दोन गोष्टींसाठी रडलीस," त्या म्हणाल्या. "त्यातली एक वाटेतल्या दुकानात मिळाली. डोळे पूस आणि कपाट दाखव."

चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी डोकं कपाटात घातलं. एकोणचाळीस नंबरच्या जागी फळीवर तपकिरी पुडीचा एक पुसट डाग होता. बाजूचा भाग मात्र लख्ख झाडलेला.

"चहाची पूड असेल," मी म्हटलं.

"तू कपाटात बसून चहा पितेस?" त्यांनी चिमूटभर पूड कागदाच्या घडीत घेतली आणि पर्समध्ये टाकली. "कुलपाची किल्ली?"

"त्या खिळ्याला असते. सगळ्यांना माहीत आहे."

"वा! छान कारभार. हे बघ सूनबाई, हरवलेलं असं काही नसतं. कुणीतरी ते त्याच्या मते योग्य जागी ठेवलेलं असतं. आपण तो माणूस शोधायचा आणि घटकाभर त्याच्या डोक्यानं विचार करायचा. बरं, ही बाई आत येऊ नये असं कुणाला वाटतं?"

मी दाराकडे बघून आवाज खाली केला. "दाढीवाल्या सरांना."

तीन

दाढीवाले सर म्हणजे आमचे सगळ्यात मोठे प्राध्यापक. त्यांचं एक जाडजूड पुस्तक आहे, त्यात त्यांनी एका झुडपाच्या दोन वेगळ्या जाती सांगितल्यात, एक पांढऱ्या फुलांची आणि एक गुलाबी. नऊ वर्षांपूर्वी ते रोपवाटिकेत गेले असताना ताईंनी त्यांना सांगितलं होतं, "सर, या दोन जाती नाहीत. पांढऱ्याच्या बियांतून माझ्याकडे गुलाबी झाड आलंय." सर असे भडकले म्हणे की रोपं न घेताच निघून गेले. आणि अर्जाबरोबरची फांदी त्याच झुडपाची होती!

आम्ही त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा ते खिडकीपाशी उभे होते. आम्हाला बघताच त्यांनी मागची एक कुंडी पडद्याआड सरकवली.

"शनिवारी मी इथेच होतो, दुपारी चारपर्यंत," ते म्हणाले. "तुमच्या ऑफिसात पाऊलही टाकलं नाही. का?"

"एकोणचाळीस नंबरचा अर्ज सापडत नाही, सर."

"कुणाचा?"

मी सांगितलं. सरांनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, "चार वाजेपर्यंत शोधा. सापडलाच पाहिजे."

"कुंडीत काय लावलंय हो?" सासूबाई पडद्याकडे वाकल्या.

"हात लावू नका!" सर एवढ्या जोरात ओरडले की मी दारापर्यंत मागे सरले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बघितलंत? चोराच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं."

"चेहऱ्यावर काय, मला पत्रांवर लिहिलेलंसुद्धा कधी धड वाचता आलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "पुढचा कोण?"

चार

पुढचा आपल्या पायांनीच चालत आला. त्या एका जागेसाठी दोनच अर्ज होते, दुसरा एका औषध कंपनीतल्या तरुणाचा. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, केसाला केस चिकटलेला. आम्ही त्याला टापटीप म्हणतो. कागद पडताळायला चारला बोलावलं तर हा दोन वाजताच दारात उभा!

"मॅडम, सगळं व्यवस्थित आहे ना? म्हणजे, माझ्या फाइलला काही झालं नाही ना?"

सासूबाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मायेनं विचारलं, "शनिवारी किती वाजता आला होतास रे बाळा?"

पोरगा पांढराफटक. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आत्ता तूच."

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. अर्जावर फोटो चिकटवायचा राहून गेला होता. हे त्याला शुक्रवारी घरी गेल्यावर आठवलं. शनिवारी अकराला तो डिंकाची ट्यूब खिशात घालून आला, गुपचूप फोटो चिकटवून पळायच्या बेतानं.

"पण शपथ सांगतो, कपाट मी उघडलं नाही. ते आधीच सताड उघडं होतं आणि खोलीत कुणी नव्हतं. मी माझी फाइल काढली, फोटो लावला, ठेवून दिली. बस्स."

"बस्स?" सासूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

त्यानं मान खाली घातली. "टेबलावर आइस्क्रीम होतं. घट्ट होतं अजून. दोन चमचे खाल्लं. तीन असतील."

"तरीच झाकण अर्धवट!" मी कडाडले.

सासूबाई मात्र एकदम उठल्या. "घट्ट होतं? नक्की?"

"नक्की. चमचा वाकला होता."

त्यांचे डोळे असे चमकले की मला कळलं, पत्ता लागत आलाय. "सूनबाई, तो नवा डबा घे. मऊ पडायच्या आत फ्रीझरमध्ये ठेवून येऊ."

"आई, अर्ज..."

"चल म्हटलं ना."

पाच

पानघरात काका भिंग लावून एका वाळक्या पानाकडे बघत होते. बाहेर घाम फुटत होता आणि यांच्या खुर्चीवर जाडजूड लोकरी हातमोजे. फ्रीझरची किल्ली नेहमीसारखी गळ्यात.

"काका, तुम्ही माझं आइस्क्रीम बाहेर काढून ठेवलंत. मला एक फोन करायचा ना!" मी सुरुवात केली.

"टेबलावर ठेवलं होतं की. समोर दिसेल असं."

"शनिवारी!"

"शनिवारी तुम्ही नसता?" काकांना खरोखरच धक्का बसला. ते एकतीस वर्षं शनिवारी येतायत, बाकीचे येत नाहीत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"जाऊ दे ते," सासूबाई म्हणाल्या. "हा नवा डबा तेवढा ठेवून घ्या."

"नाही. शनिवारपर्यंत दार उघडणार नाही."

"थोडंसं?"

"थोडंसंसुद्धा नाही."

मी हताश होऊन विचारलं, "काका, एक अर्ज हरवलाय. तुम्ही कुठे पाहिलात का?"

"मी अर्जबिर्ज पाहत नाही, बाई. माझ्याकडे फक्त झाडं येतात."

झालं. मी परत फिरले. मागे बघते तर सासूबाई तिथेच एका स्टुलावर बसून आइस्क्रीमचं झाकण उघडत होत्या.

"आता हे खाऊनच टाकावं लागणार," त्या म्हणाल्या. "चमचे आण, सगळ्यांना बोलाव. दाढीवाल्यांनाही. आणि त्या ताई आल्या असतील तर त्यांना आधी आण. त्यांचा अर्ज इथून दहा पावलांवर आहे."

सहा

तीनला पाच मिनिटं कमी असताना पानघरात आम्ही सगळे जमलो. ताई कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. मी त्यांना जिन्यातच सांगितलं होतं, त्यामुळे त्यांचा चेहरा उतरलेला. टापटीपला चमचा मिळाला नाही, मी मुद्दाम दिला नाही.

"मी विचार केला तो आइस्क्रीमचा," सासूबाई म्हणाल्या. "अर्ज कुणी नेला याचं कारण दहा जणांकडे असू शकतं. पण आइस्क्रीम बाहेर कोण काढू शकतं? किल्ली एकाच्याच गळ्यात. बरं, का काढलं? शुक्रवारी फ्रीझर रिकामा होता म्हणून ठेवू दिलं. आज दार उघडायलाही नकार. म्हणजे शनिवारी त्यात असं काहीतरी गेलं की ज्याच्याजवळ दुसरं काही चालत नाही आणि दारही उघडलेलं चालत नाही. या पोरानं पाहिलं तेव्हा आइस्क्रीम घट्ट होतं, म्हणजे नुकतंच आणलेलं. आणि त्याच वेळी अर्जांचं कपाट उघडं होतं. एकाच माणसाच्या एकाच फेरीतलं काम!"

त्यांनी पर्समधून कागदाची घडी काढून काकांपुढे उघडली. तपकिरी पुडीत टाचणीच्या डोक्याएवढा एक किडा पाय हलवत होता.

"आमच्याकडे जुन्या पार्सलांतून असला भुसा पडायचा. काका, ही पूड तुम्ही शनिवारी पाहिलीत ना?"

काकांनी ताडकन उठून ती घडी एका बाटलीत कोंबली आणि बूच लावलं. "पूड? अजून आहे? मी ब्रशनं झाडली होती सगळी!"

मग तेही कळलं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी काका इमारतीतलं प्रत्येक कपाट किडीसाठी तपासतात. माझ्या कपाटात त्यांना पुठ्ठ्यांत बांधलेली वाळकी फांदी दिसली आणि तिच्याभोवती भुसा. बाहेरून आलेलं कुठलंही वाळकं झाड सात दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्याशिवाय या इमारतीत राहता कामा नये, हा त्यांचा नियम. त्यांनी गठ्ठा पिशवीत बंद करून खाली नेला, आइस्क्रीम माझ्या टेबलावर आणून ठेवलं, मग ब्रश आणायला पुन्हा खाली गेले. तेवढ्यात टापटीप येऊन गेला.

"अहो पण त्या फांदीखाली अर्ज होता!" मी ओरडले.

"फांदीखाली कागद असतोच," काका म्हणाले. "मी फांदी पाहिली. फार सुंदर शिवलीय. कुणी शिवली?"

"मी," ताई हळूच म्हणाल्या.

मी आनंदानं उडी मारायचीच बाकी होते. "काका, उघडा लवकर! तास राहिलाय."

काकांनी गळ्यातली किल्ली मुठीत धरली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "बाई, दोनच दिवस झालेत. आत्ता ऊब लागली तर ते किडे जगतील. एक जरी सुटला तर इथली एकतीस हजार झाडं... काही काही झाडं आता जमिनीवर उरलीसुद्धा नाहीत, फक्त इथे आहेत. पण या ताईंचं वर्ष..." किल्ली घेतलेला हात कुलपाकडे गेला, मागे आला, पुन्हा गेला.

"उघडू नका," ताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"चूक माझी आहे. फांदी नीट न तपासता मी इथे कीड आणली. माझ्या एका अर्जासाठी एवढी झाडं धोक्यात नाही घालायची." एवढं बोलून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पदराच्या टोकानं डोळे पुसले. "उघडू नका, काका."

मला रडू आवरेना. काकांनी किल्ली गळ्यात घातली आणि खुर्चीवरचे हातमोजे उगाचच उचलून परत ठेवले. एकतीस वर्षं लोक त्यांना उघडा उघडा म्हणत आले होते.

सात

विभागप्रमुख मॅडम दारात कधीपासून उभ्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी घड्याळ बघितलं, फ्रीझर बघितला, मग मला म्हणाल्या, "नियम काय आहे?"

"अर्ज समितीसमोर असला पाहिजे, मॅडम."

"मग समितीच्या खुर्च्या खाली आणा. या फ्रीझरसमोर मांडा."

मी आणि टापटीपनं धावत पळत खुर्च्या आणल्या, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. चारच्या ठोक्याला समिती फ्रीझरपुढे बसली. मूळ गुणपत्रकं ताईंच्या पिशवीत होतीच. माझ्या नोंदवहीत पावतीची तारीख होती. राहिला संशोधनाचा पुरावा.

"तो माझ्याकडे आहे," काका म्हणाले आणि त्यांनी आपली वही पुढे केली. आत जाणाऱ्या प्रत्येक झाडाची माहिती ते उतरवून घेतात. ताईंच्या कागदावरचा शब्दन् शब्द त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेला होता. नऊ वर्षं, रोपांच्या तीन पिढ्या, कुठल्या बीतून कुठल्या रंगाचं झाड आलं त्याचा तक्ता.

दाढीवाल्या सरांनी वही मोठ्यानं वाचायला घेतली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की सध्याच्या पुस्तकातल्या दोन जाती प्रत्यक्षात एकच असाव्यात. पुस्तकाचं नाव सरांनी अडखळत वाचलं. मग ते उठून वर गेले. मी मनात म्हटलं, संपलं.

दोन मिनिटांनी ते कुंडी घेऊन खाली आले. कुंडीत दोन झुडपं होती, एक पांढरं फुललेलं, एक गुलाबी.

"दोन्ही एकाच पांढऱ्या फुलाच्या बियांतून आलीत," ते म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वी पेरली. हे कुणाला सांगायचं धाडस होत नव्हतं मला. माझं पुस्तक चुकलंय आणि या बाईंचं बरोबर आहे. माझं मत यांना."

टापटीप टाळ्या वाजवायला लागला आणि मग आपली जागा गेल्याचं लक्षात येऊन थांबला. मॅडमना हसू फुटलं. त्याला अजून तीन वर्षं वयाची अडचण नव्हती, आणि पुढच्या वेळी फोटो आधी लाव असं सगळ्यांनीच बजावलं.

शनिवारी सुट्टी असूनही मी ऑफिसला गेले. सासूबाई बरोबर होत्याच. टापटीप खाल्लेल्या तीन चमच्यांच्या बदल्यात अख्खा डबा घेऊन आला होता. काकांनी लोकरी हातमोजे ताईंच्या हातात दिले, म्हणाले, "आता विद्यार्थिनी आहात, तुम्हीच काढा." ताईंनी गठ्ठा बाहेर काढला, काकांनी पिशवीत गळालेला भुसा भिंगातून पाहिला, सगळे किडे मेले होते. मग गठ्ठा पुरता निवेपर्यंत, म्हणजे उलट गरम होईपर्यंत, काका कुणाला सुतळीला हात लावू देईनात.

शेवटी दुपारी मी अर्ज उघडला. प्रवेश आधी आणि अर्ज नंतर वाचणारी कारकून माझ्याशिवाय दुसरी नसेल. एकेक रकाना तपासत गेले. फॉर्मात एक प्रश्न आहे, कुणाच्या हाताखाली शिकायची इच्छा आहे आणि का. ते उत्तर मी मोठ्यानं वाचलं, कारण दाढीवाले सर माझ्यामागेच उभे होते.

ताईंनी सरांचं नाव लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं, "चूक दाखवली तेव्हा सर फार रागावले. पण जाताना त्यांनी पांढऱ्या फुलाच्या चार बिया खिशात टाकल्या, ते मी पाहिलं. मला अशाच माणसाकडे शिकायचं आहे."

सरांनी दाढीत तोंड लपवलं. काकांनी कुणी न सांगताच आइस्क्रीमचा डबा फ्रीझरमध्ये ठेवला.